पेन्सिलीचं टोक

मंगळवारी तिसऱ्या तासाला टाचणीनं दहापैकी नऊ प्रश्न चुकवले आणि मान वर न करता म्हणाली, "बाई, आज तुम्ही पेन्सिल धरलीच नाहीत." तक्रार नव्हती. आज बस उशिरा आली, असं सांगावं तशा सुरात तिनं ते सांगितलं. माझ्या उजव्या हाताला पट्टी होती. सकाळच्या घाईत इस्त्रीचा चटका बसला होता, तोही अंगठा आणि तर्जनी यांच्या मधोमध, नेमका पेन्सिल धरायच्या जागी. मी म्हटलं, नाही धरली, मग? "मग मला कसं कळणार?" असं विचारून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं सोपं करून सांगावं लागतं अशी कीव तिच्या डोळ्यांत होती. ती म्हणाली, "बरोबर असलं की तुम्ही टोक उचलता. चूक असलं की ते तिथंच थांबतं." मग आपण जरा जास्तच बोललो असं तिला वाटलं असावं, कारण तिनं खोडरबर घेतलं आणि जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं तिथं खोडत बसली.

टाचणी हे मी माझ्या मनात ठेवलेलं नाव. अकरा वर्षांची, काडीसारखी, ताठ बसणारी, आणि डोक्यावर केसांचा गोल बुचडा. शाळेत तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारतात, मीही मारते. पण मनातल्या मनात सगळ्याच मुलांना मी अशी नावं ठेवलेली आहेत. मुलांनीही आमच्या खोलीला नाव ठेवलंय. दारावर पितळी पाटी आहे, 'वैयक्तिक शैक्षणिक साहाय्य कक्ष', आणि मुलं म्हणतात गॅरेज. वर्गात एखादा अडखळला की मागचा म्हणतो, याला गॅरेजला न्या. खोली जिन्याखाली आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, एक उंच खिडकी, तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात. एका वेळी एक मूल, एक मी, चाळीस मिनिटं. पालक या चाळीस मिनिटांसाठीच ही शाळा निवडतात असं मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. भिंतीवर मी स्वतःच्या हातानं गोल गोल अक्षरांत लिहिलेला तक्ता आहे: इथे कुणी चुकत नाही. हा आमचा नियम. गॅरेजमध्ये 'चूक' हा शब्द उच्चारायचा नाही. मूल चुकलं की आपण शांतपणे म्हणायचं, "पुन्हा बघूया." बारा वर्षांत मी तो शब्द एकदाही तोंडातून काढलेला नाही, आणि याचा मला केवढा अभिमान होता. तोंड गप्प बसलं होतं, पण हात बडबड करत होता हे मला कुणी सांगितलं नाही. ओळ हरवू नये म्हणून शब्दांखालून पेन्सिल सरकवत न्यायची असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी ती दोन वर्षं टाचणीच्या शब्दांखालून सरकवत नेली. ती चुकली की पेन्सिल थांबायची, ती दुसरं काहीतरी म्हणायची, तिसरं म्हणायची, आणि बरोबर आलं की पेन्सिल पुढं निघायची. अ, ब, क, ड असे पर्याय असले की मी एकेका पर्यायाखाली टोक टेकवत जायची. क बरोबर असेल तर क पाशी ते आपोआप उचललं जात असणार. मला वाटायचं, मी फक्त ओळ दाखवतेय.

त्या दिवशी तिचा तास संपायला बारा मिनिटं होती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिच्यापुढं लहान वर्गाचं पुस्तक उघडलं. तिनं पहिलं पान घडाघडा म्हणून दाखवलं, कारण ते मी तिला वीसदा वाचून दाखवलं होतं. या मुलीची स्मरणशक्ती अशी की एकदा ऐकलेलं पाठ. मी पुस्तक मधेच कुठंतरी उघडलं. तिनं पहिलं अक्षर पाहिलं, एक शब्द ठोकून दिला, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुसरा ठोकला, पुन्हा पाहिलं. मी चेहरा वळवला तर समोर माझाच तक्ता. पाच शब्दांच्या वाक्यात तिला दोन आले. दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशीही दोनच आले होते. ते तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. त्या फाइलमध्ये एक आलेख आहे. त्याची रेघ डावीकडून उजवीकडे इतक्या शहाण्यासारखी वर चढत जाते की शाळेनं तो माहितीपत्रकात छापलाय, मुलीचं नाव न देता, माझ्या फोटोशेजारी. आणि गुरुवारी टाचणीची शेवटची बैठक होती. तिची आई येणार, मोठ्या बाई बसणार, 'आता मदतीची गरज नाही' या कागदावर मी सही करणार, आणि जूनपासून टाचणी रस्त्यापलीकडच्या मोठ्या इमारतीत जाणार. तिथं एका वर्गात चाळीस मुलं, आणि गॅरेज नाही. तास संपल्याची घंटा झाली. दारापाशी जाऊन ती वळली आणि म्हणाली, "गुरुवारपर्यंत पट्टी निघेल ना, बाई?"

मी चालत घरी निघाले. बस आली होती, पण बसमध्ये बसलं की लोक समोर असतात, आणि मला कुणाचा चेहरा नको होता. लाज ही मोठी विचित्र गोष्ट आहे. ती कानाच्या पाळ्यांना आधी कळते. रस्त्यानं माझे कान तापले होते आणि मी स्वतःशी वकिली करत होते. म्हणत होते, मुद्दाम तर केलं नाही. म्हणत होते, मुलीला आत्मविश्वास तर आला. सुट्टीत रोज घरी बोलावून शिकवू, जूनपर्यंत काय वाटेल ते करू, सही करून टाकू, कुणाला कळतंय. मांजर डोळे मिटून दूध पितं असं म्हणतात. माझे तर उघडे होते. एका दुकानाच्या काचेत मी दिसले. काखेत फाइल, हाताला पट्टी, चेहऱ्यावर तोच समजूतदार भाव, जो मी बारा वर्षं पालकांसाठी घालून जाते. मला स्वतःची किळस आली. आणि खरं सांगायचं तर टाचणीबद्दल मला त्या क्षणी रागही आला होता. एवढंसं पोर, आणि दोन वर्षं माझ्यावर नजर ठेवून होतं. मी तिचा अभ्यास घेतेय असं मला वाटत होतं, आणि ती माझा अभ्यास करत होती. दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, तिला काय कळणार. पण मला ते म्हणायची सोय नव्हती, कारण हा खेळ मी आधी खेळलेले आहे, दुसऱ्या बाजूनं.

आमचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून तीन-तीन तास एका केसाएवढ्या स्प्रिंगशी गोडीगुलाबीनं बोलायचे. घड्याळासाठी असलेला धीर त्यांना माझ्या धाकट्या भावासाठी मात्र कधी सापडला नाही. धाकट्याला अक्षरं हलताना दिसायची. आज त्या अडचणीला नाव आहे, तेव्हा तिला आळस म्हणत. रात्री जेवताना बाबा त्याला पाढे विचारायचे, आणि उत्तर चुकलं की पानावरून उठवायचे. मी दहा वर्षांची होते, तो आठचा. टेबलाखाली माझा पाय त्याच्या पायावर असायचा. दशकाला टाच, एककाला बोटं. आठ सत्ते विचारलं की पाचदा टाच, सहादा बोटं, आणि बाबांचा घास चावून होईपर्यंत धाकटा म्हणायचा, छप्पन्न. बाबांना केवढा आनंद व्हायचा. दुकानात येईल त्याला सांगायचे, पोरगा आता घड्याळासारखा चालतो. मला वाटायचं, मी घर वाचवतेय. मग वार्षिक परीक्षा आली. परीक्षेच्या खोलीत टेबलं सुटी होती आणि टेबलाखाली कुणाचाच पाय नव्हता. त्याला शून्य मिळालं. बाबांनी त्याला मारलं, मारता मारता स्वतःही रडले, आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, घरी येत होतं ना, मग तिथं काय झालं? धाकट्यानं माझं नाव घेतलं नाही. मी स्वयंपाकघरात एक पुसलेली ताटली पुन्हा पुन्हा पुसत उभी होते, आणि मीही घेतलं नाही. बाबा गेले तरी घेतलं नाही. लोक मला विचारतात, तुम्ही या कामात कशा आलात. मी म्हणते, माझ्या लहान भावामुळे. ऐकणारे हळवे होतात. माहितीपत्रकात तेच वाक्य छापलंय.

घरी पोचून कुलूप काढते तोच धाकट्याचा फोन आला. तो रंगारी आहे, लोकांची घरं रंगवतो, आणि हात असा स्वच्छ की खिडकीच्या काचेवर एक ठिपका सांडत नाही. त्यानं एका नोटिशीचा फोटो पाठवला होता, त्याच्या इमारतीच्या दाराला चिकटवलेली. "ताई, काय लिहिलंय ते वाच ना," तो म्हणाला. गेली वीस वर्षं तो असाच फोन करतो. त्याची बायको शेजारच्या खोलीत असते, तिला विचारत नाही. तिला वाटतं त्याच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय आणि चष्मा करायचा कंटाळा करतो. मी वाचून दाखवलं: उद्या दहा ते चार पाणी येणार नाही. तो म्हणाला बरं झालं, आता भरून ठेवतो. मग मी अचानक विचारलं, तुला टेबलाखालचं आठवतं का रे? तो हसला. म्हणाला, "आठवतं की. नऊ नव्वेला तुझी टाच दुखत नव्हती का?" मी म्हटलं, माझ्यामुळे तू शिकायचा राहिलास. तो म्हणाला, "तसं नको म्हणूस. तू होतीस म्हणून रोजचं जेवण तरी पोटात गेलं." आणि लगेच, जसं काही त्यातच उत्तर होतं, "खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे बघ, ती वाचलीस का?" मी ती वाचली. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, असं होतं.

बुधवारी सकाळी मी मोठ्या बाईंना सांगायला गेले होते. हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं, गेले होते म्हणून. त्या फोनवर होत्या, त्यांनी खुर्ची दाखवली, मी बसले. त्यांच्या टेबलावर नव्या माहितीपत्रकांचा गठ्ठा होता आणि सगळ्यात वरच्या पत्रकावरून मीच माझ्याकडे बघून हसत होते. मोठ्या बाई वाईट नाहीत. मुलांची नावं, त्यांच्या आज्यांची दुखणी, सगळं त्यांच्या लक्षात असतं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "टाचणीच्या" (अर्थात त्यांनी तिचं खरं नाव घेतलं) "आईनं मला तीनदा फोन केलाय, उद्याच्या बैठकीला काय घालून येऊ म्हणून विचारलं. इतकी खूश आहे ती. खरंच, तुमच्या हातात जादू आहे." मी म्हटलं, "हात भाजलाय." त्या मनापासून हसल्या, मीही हसले, आणि बर्फ लावा, मध लावा असं बोलता बोलता घंटा झाली. दुपारी मी पुन्हा त्यांच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी होतं. आत कुणी नसतं तर मी सांगितलं असतं का, हे मला माहीत नाही. आत कुणीतरी आहे हे पाहून मला बरं वाटलं, एवढं मात्र माहीत आहे. त्या दिवशी टाचणीचा तास नव्हता. डब्याच्या सुट्टीत खिडकीबाहेर तिचे बूट येऊन थांबले, डाव्याची नाडी नेहमीसारखी सुटलेली. थोडा वेळ थांबले आणि गेले.

गुरुवारी पट्टी निघाली होती. तिची आई आली ती गळ्यापर्यंत बटणं लावलेला नवा कुर्ता घालून. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांचे डोळे तपासते. आल्या आल्या तिनं माझा हात हातात घेतला, भाजलेल्या जागी तिचा अंगठा लागला, आणि मला ते बरंच वाटलं. आम्ही चौघी टेबलाभोवती बसलो, टाचणी माझ्या शेजारी. मोठ्या बाईंनी आलेख उघडून दाखवला. आई म्हणाली, मला यातलं कळत नाही, पण वर जाणारी रेघ कळते. मग मोठ्या बाई कौतुकानं म्हणाल्या, आईला जरा वाचून दाखव बघू, आणि त्यांनी उतारा पुढं सरकवला. टाचणीनं माझ्या हाताकडे पाहिलं. टेबलावर पेन्सिल होती. मी काय करायचं ते आदल्या दिवसापासून ठरवलं होतं; हात मांडीवर ठेवायचे, बघू काय होतं ते, जे होईल तेच बोलेल. हात मांडीवर राहिला नाही. मी तो उचलताना पाहिला, पेन्सिल धरताना पाहिला, आणि कातडी ताणून चटका पुन्हा चुरचुरला. पेन्सिल शब्दांखालून निघाली आणि टाचणी वाचू लागली. थांबत, बदलत, पुन्हा निघत. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, किती विचार करून वाचतेय. उताऱ्याखालचे चारही प्रश्न बरोबर. आई रडायला लागली. मोठ्या बाईंनी कागद माझ्यापुढं ठेवला, सहीच्या जागी बोट टेकवून. एवढी निर्लज्ज मी आयुष्यात कधी झाले नव्हते, टेबलाखालीसुद्धा नाही, कारण तेव्हा मी दहा वर्षांची होते.

मी सही केली असती. हे इथं सांगून टाकलेलं बरं. पण आईनं डोळे पुसता पुसता पर्समधून एक घडीपत्रक काढलं, त्यांच्या दुकानाचं, काचा कशा पुसाव्यात याचं. म्हणाली, "सवय हो माझी. आमच्याकडे लोक रांगेत उभे राहून अक्षरांच्या फळ्यावरची शेवटची ओळ पाठ करतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्यांना खरंच दिसायला हवं असतं. म्हणून मी फळा बदलून बघते." तिच्या मनात काही नव्हतं. तिला फक्त तो आनंद पुन्हा एकदा हवा होता, आपल्या दुकानाच्या कागदावर. तिनं तो कागद मुलीच्या पुढं ठेवला, माझ्यापासून लांब, स्वतःच्या बाजूला. पेन्सिल तिथवर पोचत नव्हती. टाचणीनं कागदाकडे पाहिलं. ओठ हलवले. मग ती म्हणाली, "माझं डोकं दुखतंय." आणि त्याच वेळी टेबलाखाली एक छोटा बूट माझ्या पायावर आला आणि दाबला. एकदा, घट्ट. गप्प राहा, असं. मी बघते काय ते, असं. मोठ्या बाई म्हणाल्याच, पोर थकली, पुरे आता. आई लगेच तिचं कपाळ चाचपायला लागली. सगळं सुटलं होतं. मला फक्त बसून राहायचं होतं. आणि माझ्या पायावर अकरा वर्षांचं ते वजन होतं. चाळीस वर्षांपूर्वी धाकट्याच्या पायाला काय कळत असेल, ते मला तेव्हा कळलं. तिनं दोन वर्षं स्वतःला सांभाळलं होतं, आणि आता मला सांभाळायला निघाली होती. ते मला सोसवेना.

"तिचं डोकं दुखत नाहीये," मी म्हटलं. माझा आवाज फार मोठा निघाला. "तिला वाचता येत नाही. आत्ता वाचलं ते तिनं नाही, मी वाचलं." आणि मग सगळं सांगितलं, पेन्सिलीचं, टोकाचं, मंगळवारचं, बुधवारी सांगायला जाऊन परत आल्याचं. सांगताना मी आईकडे पाहू शकले नाही. तिच्या कुर्त्याचं दुसरं बटण पाहत होते. मोठ्या बाईंनी फाइल मिटली, पुन्हा उघडली. त्या म्हणाल्या, आपण हे नंतर बोलू. आई मात्र कागदाची घडी घालत होती, फार काळजीपूर्वक, होती तशीच. म्हणाली, "रात्री ती मला गोष्ट वाचून दाखवते. मी दमलेली असते, डोळे मिटून ऐकते. पुस्तकात बघतच नाही." मग तिनं मला विचारलं, आणि विचारताना तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं, "मग दोन वर्षं ती काय वाचत होती?"

"मला," मी म्हटलं.

टेबलाखालचा बूट मागे गेला. टाचणी रडली नाही. बाहेर पडताना ती माझ्याजवळून गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी कुणाला सांगितलं नव्हतं." एवढंच. धाकट्यानं हे मला कधी ऐकवलं नाही, म्हणून ते ऐकायचं कुठंतरी बाकी राहिलं असावं. मी रिकाम्या खोलीत बसून राहिले. खिडकीतून आईचे आणि मुलीचे बूट जाताना दिसले, आईचे पुढं, तिचे दोन पावलं मागे, आणि मग आईचे थांबले आणि दोघींचे एका ओळीत आले.

मोठ्या बाईंनी माहितीपत्रकाचा गठ्ठा कपाटात ठेवून कपाट बंद केलं. माझ्या बाकीच्या पाच मुलांची तपासणी आता बाहेरची कुणीतरी बाई येऊन करणार आहे, आणि त्यानंतर माझं काय करायचं ते ठरणार आहे. टाचणी आणखी एक वर्ष गॅरेजमध्येच राहणार हे मात्र ठरलं. तोपर्यंत तिचा तास मीच घ्यायचा, कारण दुसरं कुणी नाही. संध्याकाळी मी धाकट्याला फोन केला आणि म्हटलं, यापुढं नोटीस आली की फोटो पाठवू नकोस, घेऊन ये, आपण दोघं बसून वाचू. तो म्हणाला, या वयात? मी म्हटलं, या वयात. तो म्हणाला, बघतो. रविवारी येतो असं काही तो म्हणाला नाही.

आणि शुक्रवारी तिसऱ्या तासाला टाचणी आली. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं खुर्ची उचलली, फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं, मांडीवर लहान वर्गाचं पुस्तक. मला तिचा बुचडा दिसत होता आणि कानामागची एक शीर. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले, हातांवर माझा भरवसा उरलेला नव्हता. पहिला शब्द तिनं कितीतरी वेळ पाहिला. खिडकीतून बूट जात होते. मग तिनं एक शब्द म्हटला, आणि मान वळू दिली नाही. मान वळायला निघालेली मला दिसली, आणि तिनं ती धरून ठेवलेलीही दिसली. समोर माझा तक्ता होता, तिच्या डोक्याच्या बरोबर वर.

"बरोबर?" तिनं भिंतीला विचारलं.

माझ्या घशाशी 'पुन्हा बघूया' येऊन थांबलं होतं.

"चूक," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि शब्दाखाली स्वतःचं बोट ठेवलं.